लोटनभाऊची टाच

लोटनभाऊ टाचेनं ऐकायचा. कान होते त्याला, चांगले सुपाएवढे होते, पण छपरावर चढला की तो कानांना विचारायचा नाही. चप्पल शिडीपाशी काढायची, अनवाणी वर जायचं आणि उजवी टाच आपटत आपटत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायचं. एखाद्या जागी थांबायचा, पुन्हा टाच मारायचा, आणि वरूनच सांगायचा की इथलं खालचं लाकूड कुजलंय, नाहीतर इथे उंदरांनी घर केलंय. खाली उभी असलेली माणसं हसायची. मग खणून बघितलं की लाकूड कुजलेलंच निघायचं.

आमचं गाव यावल तालुक्यात, तापीच्या काठावर. आता सगळीकडे स्लॅब आणि पत्रे झाले, पण तेव्हा निम्म्या गावाची घरं धाब्याची होती. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे आडवी लाकडं, कड्यांवर कापसाच्या वाळक्या पळाट्या अंथरायच्या आणि वर मातीचं सपाट छत. त्या मातीवर शेवटचा थर खारीचा. खारी म्हणजे नदीकडच्या उतारावर सापडणारी पांढरी, खारट माती. दर वर्षी पावसाच्या आधी ती नव्यानं पसरायची. पहिल्या सरीत ती भिजते आणि मळलेल्या कणकेसारखी घट्ट बसते, मग खाली थेंब येत नाही. हे काम गावात एकाच घराचं, लोटनभाऊचं. त्याच्या बापाचंही तेच होतं.

मी कुसुमलता. धुळ्याच्या देवपुरातली पोरगी, लग्न होऊन इथे आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. आमचं दुकान आहे रस्त्यावर: खिळे, तार, दोर, सिमेंट, पत्रे. आमचे शेठ, दलिचंदजी, जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा रोनक सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे. दुकान मी चालवते. लोक म्हणतात शेठाणी तोंडाची फटकळ आहे, आणि लोक खोटं बोलत नाहीत.

मी पत्रे विकणारी आणि तो खारी टाकणारा, म्हणजे आमचं जमायचं कसं? दुकानासमोरून गेला की मी हटकायचीच. म्हणायची, लोटनभाऊ, तुझे दिवस भरले, आता पत्र्याचा जमाना आला. तो जागच्या जागी उभा राहून मला पत्र्याची सगळी पापं ऐकवायचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणसाची भाजी होते, पावसात बोललेलं ऐकू येत नाही, आणि वारा सुटला की तुमचं छप्पर दुसऱ्याच्या शेतात. आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य, छाती फुगवून: "मना धाबाखाले थेंब पडाव नही, भाभी." एवढं बोलून झालं की तंबाखू मळत पुढे जायचा. तीस वर्षं हे चाललं. मला मजा यायची, त्यालाही येत असणार, नाहीतर तो मागच्या गल्लीनं गेला असता.

त्याची बायको मंजुळाबाई. मी तिला नुसतं मंजुळा म्हणायची. खालून टोपल्या भरून शिडीनं वर चढवायचं काम तिचं. ठेंगणी, काळीसावळी, कंबर ताठ, डोक्यावर खारीची टोपली असली तरी पदर हलायचा नाही. लोटनभाऊ वर काम करता करता दर अर्ध्या तासानं ओरडायचा, "मंजुळा, पानी!" आणि ती खालून उत्तर द्यायची, "आनस ना, माले काय पंख शेतस?" मग तांब्या घेऊन चढायची. अख्ख्या गल्लीला ते पाठ होतं. पोरं त्यांची नक्कल करायची.

उन्हाळ्यात मंजुळा माझ्याकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला यायची. ज्वारीचं पीठ आंबवायचं, शिजवायचं आणि कापडावर हातानं थापत पातळ करायचं, हे काम एकटीनं होत नाही. आमच्या घरामागे मोठं अंगण आहे आणि अंगणाला लागून आमची कापसाची जुनी वखार होती. कापसाचा धंदा बंद झाल्यापासून ती रिकामीच. वखारीच्या सावलीत बसून आम्ही दोघी गप्पा मारत बिबड्या घालायचो. मारवाड्याच्या घरात आल्यावर मला बिबड्या कोण शिकवणार? तिनंच शिकवल्या. सासूबाई हयात असताना मी रडत असले की तीच मला हसवायची. ती माझी मैत्रीण होती. हे मी ती असताना कधी बोलले नाही. शेठाणी आणि टोपल्या वाहणारी, कोण असं बोलतं?

आता ती एक गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं सांगत बसले आहे. खारी नुसती टाकत राहायची नसते. चार-पाच वर्षांनी जुने थर कुदळीनं खरवडून खाली उतरवायचे असतात, मगच नवा टाकायचा. नाहीतर छपरावर वजन चढत जातं. खरवडायचं काम दुप्पट मेहनतीचं, आणि धूळ अशी उडते की दोन दिवस घरात स्वयंपाक होत नाही. एका वर्षी लोटनभाऊ वखार खरवडायला आला आणि माझ्या अंगणात बिबड्या वाळत होत्या. सगळ्या पांढऱ्या झाल्या. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हणाले, रिकाम्या वखारीला कशाला एवढे लाड, वरच्यावर टाक आणि जा. त्यानं डोकं खाजवलं, पण टाकली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मला वाटतं, असे सात थर झाले असतील.

तीन वर्षांपूर्वीचा जून. मृग लागायला चार दिवस होते. सकाळी रोनकचा सुरतेहून फोन आला. मम्मी, समुद्रात वादळ उठलंय, उद्या रात्री किनाऱ्याला लागेल आणि तापीच्या खोऱ्यातून थेट तुमच्याकडे वर सरकेल, असं सांगतायत. मी त्यालाच झापलं. म्हटलं, समुद्र कुठे आणि यावल कुठे. दुपारी तलाठी प्रकाश मोटारसायकलवर आला आणि त्यानं मारुतीच्या पारावर गाव जमवलं. प्रकाश सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा, बोलणं मऊ, पण त्या दिवशी तोंड सुकलेलं होतं. तो कागद वाचत होता आणि लोक थट्टा करत होते. कोणी विचारलं, होड्या सरकार देणार की आपण आणायच्या. कोणी म्हणालं, समुद्र एसटीनं येतोय की रेल्वेनं. प्रकाश म्हणाला, पाणी नाही येणार, वारा येईल, ताशी ऐंशीचा, आणि त्याच्यामागे दिवसभर पाऊस. तेव्हा केळीवाल्यांचे चेहरे उतरले. घड लागलेली केळ चाळीसच्या वाऱ्यात झोपते हे आमच्याकडे पोराला कळतं.

मग मात्र गाव कामाला लागलं. दुसऱ्या दिवशी दुकान मी पहाटे सहालाच उघडलं. दोर, तार, रिकामी पोती, जे लागेल ते घेऊन जा म्हटलं. ज्यांच्या घरावर पत्रे होते त्यांनी पोत्यांत वाळू भरून वर रचली, पत्र्यांचे सैल झालेले हूक बदलले. माझ्याच दुकानातले पत्रे माझ्याच तारेनं बांधत होते आणि मलाच शिव्या देत होते, की शेठाणी, असलं उडणारं छप्पर विकता तरी कशाला. केळीवाले बागांत पट्ट्या घेऊन शिरले आणि घड असलेली खोडं एकमेकांना बांधायला लागले. गुरांची दावी सोडायची ठरली. बाळंत होऊ घातलेल्या दोघींना फैजपूरला पाठवलं. सगळ्यांनी हंडे भरले, मोबाईल चार्ज केले. मला त्या दिवशी गावाचा अभिमान वाटला.

प्रश्न राहिला पालांचा. केळी कापायला सातपुड्यातली सात कुटुंबं आली होती, नदीकडच्या बांधावर ताडपत्रीची पालं ठोकून राहत होती. लहानमोठी एकोणतीस माणसं. त्यांना कुठे ठेवायचं? शाळेचे पत्रे वैशाखातल्या वाऱ्यानंच गेले होते. समाजमंदिर नाल्यापलीकडे, नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. प्रकाशनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझी वखार घ्या, भिंती दोन हात जाड आहेत, तोफ लागली तरी हलायच्या नाहीत. लोकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळच्या आधी लोटनभाऊ वखारीवर चढला. मी अंगणात उभी होते, मंजुळा माझ्या शेजारी. तो टाच मारत फिरला. मधोमध थांबला. एकदा मारली, दोनदा मारली, खाली वाकून तळहात ठेवला. मग शिडीवरून उतरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच बोलला.

"भाभी, वझं भलतं व्हयी जायेल शे. आर्धी माती उतारनी पडी."

मी दिवसभर दुकानात उभी होते, पाय मोडले होते, डोकं तापलेलं होतं. मी उसळले. उद्या पाऊस येणार आणि आज तू छप्पर उघडणार? खरवडलेल्या छपरातून पाणी गळणार नाही? पाणी गळणार होतंच. तो पुटपुटला की पाणी गळलं तर गळू दे. आणि तेव्हा मी ते बोलले, जे बोलायला नको होतं.

"एकोणतीस माणसांच्या डोक्यावर लोटनभाऊचं धाबं गळलं, असं उद्या गाव म्हणेल. चालेल तुला?"

त्याच्या मर्मावर बोट ठेवायचं मला चांगलं माहीत होतं, तीस वर्षं तेच करत आले होते, पण थट्टेत. आजूबाजूची चार माणसंही म्हणाली की शेठाणीचं बरोबर आहे, उलट आणखी एक थर टाक, जाड असली म्हणजे कोरडं राहील. आमच्याकडे सगळ्यांची भीती एकच, गळण्याची. पावसात छप्पर गळू नये यासाठीच आमची हयात जाते. वजन किती झालं हे कोणी बघत नाही. लोटनभाऊनं मंजुळाकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मग त्यानं खारीची ट्रॉली आणवली आणि अंधार पडेपर्यंत दोघांनी वखारीवर आठवा थर टाकला.

पालातली माणसं यायला तयार नव्हती. त्यांच्यातली म्हातारी चमेलीबाई, केळी कापणाऱ्या भुराची आई, अडून बसली. ती म्हणाली, आमचं पाल पडलं तर कापड अंगावर पडतं, झटकून उठता येतं. तुमचं घर पडलं तर? लोटनभाऊ तिथे तासभर उकिडवा बसून राहिला. तिला सांगत होता की आई, मी टाकलेलं धाबं आहे, मी सांगतोय. शेवटी तिच्या कोंबड्यांचा खुराडाच त्यानं उचलून खांद्यावर घेतला, तेव्हा ती उठली. बाकीचे तिच्यामागे आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वारा आला. मी असा वारा पाहिला नव्हता. तो थांबून थांबून येत नव्हता, एकसारखा ढकलत होता. आमच्यासमोरचा कडुनिंब आडवा झाला. वाळूच्या पोत्यांनी बहुतेक पत्रे धरून ठेवले, दोन घरांचे गेले तेवढेच, आणि माणूस एकही जखमी नाही. केळी मात्र संपल्या. दुपारी बारापर्यंत बागा जमिनीवर झोपल्या होत्या. पाऊस तर असा की अंगणापलीकडची वखार घराच्या मागच्या दारातून धूसर दिसत होती.

मी दोनदा वखारीत जाऊन आले. आत कोरडं ठणठणीत. पोरं खेळत होती, कोंबड्या फिरत होत्या, कोपऱ्यात तीन विटा मांडून मंजुळानं चूल पेटवली होती आणि मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती. लोक लोटनभाऊला म्हणत होते की मानलं बुवा. तो खांबाला टेकून बसला होता. हसत होता, पण नजर वर. चमेलीबाईनंही मला हातानं खूण करून सांगितलं की चांगलं आहे. मी मंजुळाला म्हटलं, खिचडीत मीठ बेतानं घाल, तुझा हात सैल आहे. ती म्हणाली, तुमच्या जिभेला सगळंच खारट लागतं. हे आमचं शेवटचं बोलणं.

तीनच्या सुमारास वारा पडला. लोकांना वाटलं, गेलं वादळ. पाऊस तेवढा चालूच होता. पुढचं मला तेव्हा वखारीत असलेल्या प्रकाशनं आणि भुरानं सांगितलं, थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. मंजुळा पातेल्याचं झाकण काढायला वाकली तर झाकणावर चिमूटभर माती पडलेली. कोरडी माती. बाहेर दिवसभर पाऊस आणि छपरातून कोरडी माती पडते, म्हणजे वर लाकूड सरकतंय. लोटनभाऊनं ते पाहिलं आणि उठला. खांबापाशी गेला, खांबाच्या बुडाला टाच लावली. आणि ओरडला.

"बठ्ठा बाहेर निंघा! आत्तेच!"

कोणी हलेना. बाहेर धो धो पाऊस आणि आत ऊब, खिचडीचा वास. पुरुष म्हणाले, वेडा झाला का, थेंब तरी पडला का? त्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली, ज्या माणसाच्या तोंडून मी कधी अपशब्द ऐकला नाही त्यानं. पोरांना दंडाला धरून दाराबाहेर फेकलं. सर्वांत आधी चमेलीबाई उठली, दोन नातवंडं काखेत मारली आणि बाहेर पडली. ती निघाली म्हणून बाकीचे निघाले. मी घराच्या मागच्या दारात उभी होते. सगळी माणसं भिजत अंगण ओलांडून माझ्याकडे पळत येत होती आणि मी आत दुकानात घेत होते. लोटनभाऊ दारात उभा राहून एकेकाला ढकलत होता. मंजुळाही बाहेर आली होती. मी पाहिली तिला, ती दाराबाहेर होती. मग थांबली, मागे वळली. भुरानं ऐकलं, ती म्हणाली, चूल जळतेय, विझवून येते. पेटती चूल सोडून घराबाहेर पडायचं नाही, हे जन्मभराचं वळण. त्या पावसात काय पेटणार होतं?

मोठा आवाज झाला नाही. वखारीचं छप्पर मधून वाकलं आणि खाली गेलं. भिंती उभ्याच राहिल्या.

दीड तास सगळं गाव उपसत होतं. ओली खारी हातात धरवत नाही, निसटते. लोटनभाऊ कोणाला फावडं लावू देईना, तिला लागेल म्हणायचा. नखं निघाली त्याची. ती चुलीजवळच सापडली, हातात तांब्या होता.

दोन दिवसांनी प्रकाश पंचनाम्याला आला. लोक गोल करून उभे होते. मी पुढे होते. त्यानं मातीचा ढीग पाहिला, थर मोजल्यासारखं केलं आणि खाली मान घालून विचारलं की छपरावर एवढी माती कोणी टाकली. लोटनभाऊ ओट्यावर बसला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"माती मीच टाकी."

आणि मी गप्प बसले. माझं तोंड, जे लग्न होऊन आल्यापासून कधी मिटलं नाही, ते त्या दिवशी मिटलं. वादळाच्या आदल्या संध्याकाळी अंगणात असलेली चार माणसंही तिथेच होती, तीही मिटून होती. प्रकाशनं लिहून घेतलं. एक वाक्य बोलायचं होतं, की टाक म्हणून मी सांगितलं. भीती कसली होती मला? कोणी मला फाशी देणार नव्हतं. लोक काय म्हणतील, एवढीच. हीच भीती मी त्याला घातली होती आणि मलाही तीच पुरून उरली.

त्यानंतर गावानं धाबी पाडायला घेतली. जो तो पत्रे मागायला दुकानात यायला लागला. त्या महिन्यात माझ्याकडे माल पुरला नाही, दोनदा भुसावळहून गाडी मागवावी लागली. गावात बोलायचे की लोटनच्या हातानं त्याची बायको गेली. मायेनंच बोलायचे, बिचारा म्हणायचे, पण बोलायचे. माझ्या दुकानात, माझ्यासमोर, पत्रा निवडता निवडता. मी तार कापत राहायची.

लोटनभाऊनं कुदळ आणि टोपल्या माळ्यावर टाकल्या. कोणी बोलावत नव्हतंच. तो मागच्या गल्लीनं जायला लागला. चमेलीबाई मात्र दर वर्षी केळी कापायला आली की आधी त्याच्या दारात जाऊन बसते, पदरातल्या मूठभर चारोळ्या उंबऱ्यावर ठेवते आणि उठते. मला रस्त्यात भेटली तर हसते. ते हसणं मला सोसत नाही. मी बिबड्या करायचं सोडून दिलं.

यंदा मेच्या शेवटी पुन्हा रोनकचा फोन आला. पुन्हा समुद्रात काहीतरी उठलं होतं. पुन्हा पारावर माणसं जमली, पण या खेपेला कोणी थट्टा केली नाही. प्रकाश आता वयानं थोराड दिसतो. त्यानं कागद वाचला. म्हणाला, पत्रे बांधा, आणि ज्यांची धाबी राहिली आहेत त्यांनी वरची माती उतरवा, तीन वर्षांपूर्वीसारखं नको. मागून कोणीतरी म्हणालं, लोटननं तेव्हा एवढी टाकायलाच नको होती. लोटनभाऊ पिंपळाच्या बुंध्याला टेकून बसला होता. तो जमिनीकडे बघत होता.

मी उभी राहिले. मी म्हटलं, लोटननं टाकली नाही, मी टाकायला लावली. तो उतरवायची म्हणत होता. मी त्याला लाज घातली. त्याआधी सात वर्षं खरवडू दिलं नाही तेही मीच, माझ्या बिबड्यांवर धूळ बसत होती म्हणून. पंचनाम्याच्या दिवशी मी इथेच होते आणि गप्प बसले. प्रकाशभाऊ, लिहायचं असेल तर आता लिही.

प्रकाशनं पेन उघडलं नाही. मला वाटलं होतं, बोलले की छातीवरचं उतरेल. तसं काही झालं नाही. लोक एकेक करून उठले आणि आपापल्या छपरांकडे गेले.

लोटनभाऊ माझ्यासाठी थांबला होता. मी जवळ गेले. रागावला असेल, शिव्या देईल, काहीही चाललं असतं मला. तो तंबाखू मळत होता, हात अजून वाकडेच आहेत त्याचे. शांतपणे बोलला.

"त्या दिनले मंजुळा माले बोलनी व्हती, भाभी. तुनी टाच काय सांगस तेच आयक. मी तुमनं आयकं."

एवढंच. तंबाखू तोंडात टाकली आणि मागच्या गल्लीनं निघून गेला. ती मला समोर काही बोलली नव्हती. त्याला बोलली होती. घरी आले आणि दार लावून मी जी रडले, तशी शेठ गेले तेव्हाही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास स्वयंपाकघराच्या वर आवाज आला. दुकानावर स्लॅब आहे, पण मागचं राहतं घर माझं अजून धाब्याचंच आहे. तीन वर्षं त्यावर कोणी चढलं नव्हतं. टाच पडली. पुन्हा पडली. मी बाहेर येऊन पाहिलं तर शिडी लावलेली, शिडीपाशी चप्पल काढून ठेवलेली, आणि वर लोटनभाऊ. मी बोलावलं नव्हतं. मी हाक मारली नाही, त्यानंही खाली पाहिलं नाही. मग कुदळीचा आवाज सुरू झाला. तो जुनी खारी खरवडत होता आणि घमेल्या घमेल्यानं खाली लोटत होता. अंगण पांढरं झालं. तुळशीवर, पाण्याच्या टाकीवर, माझ्या डोक्यावर धूळ बसली. मी तिथेच उभी राहिले.

ऊन चढलं. साठी ओलांडलेला माणूस, एकटा, टोपली द्यायला खाली कोणी नाही. कुदळ थांबली. मला वाटलं दमला असेल. मग कामाच्या तंद्रीत, सवयीनं, तो वरून ओरडला.

"मंजुळा, पानी!"

आणि मग काहीच नाही. कुदळ नाही, पाऊल नाही. गल्लीत कोणीतरी झाडत होतं तेही थांबलं.

मी आत गेले. माठातून तांब्या भरला. त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी कधी शिडी चढले नव्हते, शेठाणीनं शिडी चढायची नसते. पदर खोचला आणि एका हातानं शिडी धरत, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन, पहिल्या पायरीवर पाय ठेवला.